दोष कुणाचा? : ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’चे पुनर्वाचन

“सर, हिच्या औषधाचे पैसे कोण भरतं?”

द्वितीय वर्ष कला शाखेतील एका विद्यार्थिनीने मला हा प्रश्न विचारला. ती जिच्याविषयी विचारीत होती ती हेझल, इंडियानापोलिस या अमेरिकन शहरात राहणारी, कर्करोग झालेली सोळा वर्षांची मुलगी. जॉन ग्रीन यांच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची ती नायिका. विद्यार्थिनीने ही कादंबरी मोबाइलवर, शब्दकोश शेजारी ठेवून, दोन महिने घालवून वाचली होती. तिची आई रोजाने शेतावर जाते. वडील दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. हीच कादंबरी मी २०१३ साली, एम.ए.ला असताना, समाजकल्याणच्या वसतिगृहात एका रात्रीत वाचली होती आणि पहाटे उशीत तोंड खुपसून रडलो होतो. पुढे प्राध्यापक झाल्यावर वर्गात तिच्यावर बोललोही. पण औषधाचे पैसे कोण भरते, हा प्रश्न मला बारा वर्षांत एकदाही पडला नाही. ज्याच्या घरात औषधाच्या पैशांवरून चूल विझलेली आहे त्याला हा प्रश्न पडू नये, याचा अर्थ काय? मी तिला म्हणालो, पुन्हा वाचून सांगतो. ते सांगणे लांबले, म्हणून येथे लिहितो आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी. हेझलचा थायरॉइडचा कर्करोग फुप्फुसांत उतरलेला आहे. नाकाला नळी आणि मागे चाकांवर ओढायची प्राणवायूची टाकी, असे तिचे जगणे. चर्चच्या तळघरात रुग्ण मुलांचा एक आधारगट भरतो, तेथे तिला ऑगस्टस भेटतो. हाडाच्या कर्करोगात त्याचा एक पाय गेला आहे. दोघे प्रेमात पडतात. हेझलच्या आवडत्या कादंबरीचा लेखक पीटर व्हान हाउटन ॲमस्टरडॅमला राहतो. त्याची कादंबरी वाक्याच्या मध्येच तुटते, आणि त्या माणसांचे पुढे काय झाले हे हेझलला त्याच्याच तोंडून ऐकायचे आहे. आजारी मुलांच्या इच्छा पुरविणारी एक संस्था हा प्रवास घडवून आणते. लेखक दारुडा आणि तुसडा निघतो. परतण्यापूर्वी ऑगस्टस सांगतो की त्याचा रोग उलटला आहे आणि अंगभर पसरला आहे. जी आधी जाणार असे आपण धरून चाललेलो असतो ती मागे राहते आणि तो जातो.

आजार आणि प्रेम यांची ही जोडी नवी नाही. एरिक सीगलची ‘लव्ह स्टोरी’ १९७० सालची. आपल्याकडे ‘आनंद’ १९७१ साली आला, ‘अंखियों के झरोखों से’ १९७८ साली. या साऱ्या कलाकृतींत आजार कसा स्वच्छ असतो! चेहरा थोडा फिका पडतो, डोळे मोठे दिसू लागतात आणि माणूस सुंदर वाक्ये बोलत मरतो. घाण वास येत नाही, चादर बदलावी लागत नाही. सुसान सॉन्टॅग यांनी १९७८ साली ‘इलनेस ॲज मेटाफर’ लिहून क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती समाजाने विणलेली ही रूपकांची जाळी उसवून दाखवली. आजाराचे रूपक झाले की आजारी माणूस दिसेनासा होतो, हे त्यांचे म्हणणे मला कायम पटत आले आहे.

ग्रीन यांना ही परंपरा ठाऊक आहे आणि ते तिच्याशी भांडतात. हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. आजारी माणूस शूर असतो, सोशिक असतो, शेवटपर्यंत हसतो, या कल्पनांची हेझल पानोपानी टर उडवते. ऑगस्टसची आधीची मैत्रीण कॅरोलाइन मेंदूच्या गाठीमुळे चिडखोर आणि दुष्टपणे बोलणारी झाली होती, हे कादंबरी लपवीत नाही. ऑगस्टस न पेटवलेली सिगारेट दातांत धरतो. मारणारी वस्तू तोंडात धरायची पण तिला मारण्याची सत्ता द्यायची नाही, असे त्याचे रूपक. तेवीस वर्षांचा असताना मला ते थोर वाटले होते. पण खुद्द कादंबरीच पुढे या रूपकाचा निकाल लावते. मरणाच्या आधी काही दिवस तो मध्यरात्री एकटाच गाडी घेऊन पेट्रोल पंपावर सिगारेट आणायला जातो, कारण निदान एवढे तरी स्वतःच्या हाताने करायचे आहे. पोटातली नळी चिघळलेली, अंगावर ओकारी, गाडीत बसून तो हेझलला फोन करतो. ती रुग्णवाहिका बोलावते तेव्हा तो रडतो, नको म्हणतो. ऐटबाज नायकाचे सारे कपडे या एका प्रसंगात उतरतात. कादंबरीतील हे सर्वांत खरे प्रकरण आहे. पहिल्या वाचनात मी ते भराभर उलटले होते.

या ठिकाणी आपल्या वाङ्मयाची आठवण येणे अपरिहार्य आहे. दलित साहित्याने पहिला नकार कशाला दिला? दयेला. प्रस्थापित मराठी कथा-कादंबरीतला सोशिक, लाचार, बिचारा महार-मांग आपल्या लेखकांनी फेकून दिला आणि शिवी देणारा, चुकणारा, भुकेला, पण माणूस असलेला माणूस तेथे उभा केला. हेझलचा संताप त्याच जातकुळीचा आहे. ऑगस्टस गेल्यावर वर्षानुवर्षे न भेटलेली मुले फेसबुकवर गोड गोड शोकसंदेश लिहितात आणि तिचे डोके भडकते, तेव्हा जयंतीपुरते बाबासाहेबांचे फोटो टाकणारे आपले काही सहकारी मला आठवले. गंमत अशी, की २०२० साली या कादंबरीवरून निघालेल्या हिंदी चित्रपटाचे नाव ठेवले गेले ‘दिल बेचारा’. ज्या ‘बिचारेपणा’शी ती मुलगी पुस्तकभर झगडली तोच शेवटी तिच्या कपाळी चिकटवला!

पण मग आपला नेहमीचा प्रश्न येथे विचारावा लागतो. हे कुणी लिहिले? ग्रीन स्वतः रुग्ण नाहीत. तरुणपणी ओहायो राज्यातील मुलांच्या एका रुग्णालयात ते काही महिने विद्यार्थी-धर्मसेवक म्हणून होते. त्या अनुभवातून कादंबरीचे बीज पडले. ती अर्पण केली आहे एस्थर अर्ल या मुलीला. तिला थायरॉइडचाच कर्करोग होता आणि ती २०१० साली सोळाव्या वर्षी वारली. ही एस्थरची कथा नव्हे, असे ग्रीन सांगत आले आहेत. तिचे स्वतःचे लेखन, डायरी, पत्रे यांचे पुस्तक २०१४ साली निघाले. कादंबरी जगभर कोट्यवधींच्या हातात गेली, एस्थरचे पुस्तक त्या मानाने फार थोड्यांच्या. सहानुभूतीचे साहित्य बाजारात पुढे आणि स्वानुभवाचे मागे, हे आपल्याला नवे नाही. तरीही एवढ्यावरून ग्रीन यांना मोडीत काढणे मला मान्य नाही. सवर्णाने दलितांवर लिहू नये असे आपण कधी म्हटले नव्हते. लिहिताना त्याला काय दिसले नाही ते दाखवण्याचा हक्क आपण मागितला होता. तोच हक्क येथे वापरतो.

त्यासाठी मला माझ्या घरात यावे लागेल.

माझी थोरली बहीण २००९ साली क्षयाने गेली. ती बावीस वर्षांची होती, मी एकोणीस. वडील मोंढ्यात हमाल, आई रोजाने जाणारी. ताई दहावीपर्यंत शिकली होती आणि तिचा साखरपुडा झालेला होता. खोकला सुरू झाला तेव्हा चार महिने गावातल्या खाजगी डॉक्टरांकडे सलाइन, बाटल्या आणि ताकदीच्या सुया यांत गेले. लग्नासाठी जमवलेले त्यात संपले. मग थुंकीची तपासणी झाली आणि सरकारी गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या फुकट होत्या, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर जाऊन त्या घ्यायच्या म्हणजे तिचा आणि सोबत जाणाऱ्या आईचा, असा दोघींचा रोज बुडायचा. बरे वाटू लागले, सुगी आली, आणि कोर्स मध्येच सुटला. रोग परतला तो जास्त ताकदीने. मग सुया. सुयांनी कानात सतत शिट्टी वाजते असे ती सांगायची. आम्हाला ते खोटे वाटायचे.

घरात आम्ही स्टीलच्या ताटात जेवत असू. ताईला जर्मलचे ताट होते, जर्मलचा पेला होता आणि तो चुलीमागच्या कोनाड्यात वेगळा पालथा घातलेला असे. दवाखान्यात कुणीतरी सांगितले होते म्हणून आईने हे केले, अशी माझी समजूत. क्षय भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो, हे मला फार नंतर कळले. ज्यांच्या बापजाद्यांना गावाने फुटक्या कपात, वरून ओतून चहा पाजला त्या घरात आम्ही आमच्याच मुलीचा पेला वेगळा ठेवला. यावर मी आजवर कुठे लिहिले नाही. अस्पृश्यतेवर व्याख्याने मात्र पुष्कळ दिली.

नवरदेवाकडच्यांना कळले आणि सोयरीक मोडली. तो मुलगा एकदा घरी न सांगता दवाखान्यात आला होता. हातात अर्धा डझन केळी, तोंडाला रुमाल. दारातच दहा मिनिटे उभा राहिला आणि केळी माझ्याकडे देऊन गेला. ताई त्याच्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी म्हटले, त्यांचेही बरोबरच आहे.

कादंबरीत याच जातीचा एक प्रसंग आहे. आयझॅक हा त्यांचा मित्र. त्याचे दोन्ही डोळे शस्त्रक्रियेत काढावे लागणार असतात आणि त्याआधीच त्याची मैत्रीण मोनिका त्याला सोडते. मग हे तिघे तिच्या घरी जातात आणि आंधळा आयझॅक तिच्या गाडीवर अंडी फेकून मारतो. प्रसंग विनोदी आहे, मुलांना तो फार आवडतो. या वेळी तेथे मी थांबलो. ताईला डॉक्टरांनी रोज दोन अंडी सांगितली होती. रोज दोन अंडी! पहिल्या आठवड्यानंतर ती कधी मिळाली नाहीत. क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारकडून महिना ५०० रुपये मिळू लागले ते एप्रिल २०१८ पासून, आणि त्याचे १००० झाले नोव्हेंबर २०२४ मध्ये. अमेरिकन मुलांनी अंडी फेकू नयेत असा माझा मुळीच आग्रह नाही. फेकावीत, खुशाल फेकावीत. मला एवढेच दिसले, की राग व्यक्त करण्यासाठीसुद्धा हाताशी काहीतरी असावे लागते.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. पैसे कोण भरते? मी पेन्सिल घेऊन कादंबरी वाचली. ॲमस्टरडॅमचा विषय निघतो तेव्हा घराला हा खर्च परवडणारा नाही, एवढे एकदा येते, आणि लगेच इच्छा पुरविणारी संस्था पुढे येऊन ती अडचण दूर करते. हेझलची आई नोकरी करीत नाही. मुलीचा आजार हेच तिचे काम. घर आहे, गाडी आहे. हेझलला जगवणारे औषध आहे फॅलँक्सिफॉर. ते खरे नाही. असे औषध असावेसे वाटले म्हणून आपण ते रचले, असे लेखकाने पुस्तकातच प्रांजळपणे सांगून टाकले आहे. ज्या देशात आजारपणाच्या बिलांनी माणसे दिवाळखोर होतात त्या देशातील कादंबरीत सर्वांत महत्त्वाच्या औषधाला किंमत नाही. औषध कल्पित आहे याची तक्रार नाही, कादंबरीत काहीही कल्पित असू शकते. पण कल्पित औषधालाही दुकान लागते, आणि दुकानदार या कादंबरीतून गायब आहे. मृत्यू, प्रेम, विस्मरण, अनंत, या सर्वांवर ही मुले बोलतात. बिलावर कुणी बोलत नाही.

प्राणवायूचेही तसेच. २०१३ साली हेझलची टाकी मला तिच्या केसांसारखी, तिच्या दिसण्याचाच एक भाग वाटली होती. मध्ये २०२१ सालचा एप्रिल गेला. त्या महिन्यात टाकीसाठी रांगेत उभा राहिलेला कुणीही आता ते वर्णन तसे वाचू शकणार नाही. नाशिकमध्ये २१ एप्रिलला एका रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक माणसे श्वासाअभावी गेली. हेझलची टाकी संपली की दुसरी असते. ही गोष्ट कादंबरी इतक्या सहजपणे गृहीत धरते की तेवीस वर्षांच्या मलाही ती गृहीत वाटली होती.

मी हेझलसाठी रडलो होतो, पण ताईसाठी रडलो नव्हतो. तिच्या वेळी मला लाज वाटत होती. मित्र घरी येऊ नयेत, कोनाड्यातला पेला त्यांना दिसू नये, असे वाटायचे. कादंबरीने मला दुःखाची परवानगी दिली, कारण तिच्यातले दुःख धुतलेले होते. पेट्रोल पंपाचे प्रकरण मी तेव्हा का उलटले, ते आता कळते. त्या एका ठिकाणी घरचा वास आला होता.

कादंबरीच्या नावातच तिचा सिद्धान्त आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये कॅसिअस ब्रूटसला सुनावतो, की आपण खालचे राहिलो यात ताऱ्यांचा दोष नाही, तो आपला आहे. ग्रीन हे उलटवतात. त्यांचा व्हान हाउटन एका पत्रात म्हणतो, की दोष ताऱ्यांतही भरपूर असतो. सोळा वर्षांच्या मुलीला कर्करोग व्हावा यात तिचा काय दोष? बरोबर आहे. कर्करोगापुरते ते मान्य करण्यात मला अडचण नाही. रोग्यालाच रोगाचा अपराधी ठरवण्यापेक्षा ताऱ्यांना दोष देणे माणुसकीचे आहे.

पण आपण ताऱ्यांच्या बाबतीत हळवे होऊ शकत नाही. आपल्या आज्यांना ताऱ्यांनीच लुटले. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यात पहिल्याच प्रकरणात, मूल जन्माला आल्यापासून ग्रहांची भीती घालून शेतकऱ्याकडून कसे उकळले जाते, त्याचा हिशेब मांडला आहे. गेल्या जन्मीच्या पापामुळे या जन्मीचे दुःख, ही शिकवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बुद्धाची म्हणून स्वीकारली नाही. दोष ताऱ्यांचा म्हटले काय आणि दोष तुझ्या कर्माचा म्हटले काय, दोन्हींत एक मधली जागा रिकामी राहते. कॅसिअसने ती पाहिली नाही, व्हान हाउटननेही नाही. चार महिन्यांचे सलाइन, बुडालेला रोज, सुटलेला कोर्स, न मिळालेली अंडी. यांत तारा कोणता आणि ताई कुठे?

ही मधली जागा कादंबरीच्या अगदी दाराशी आलेली आहे. ॲमस्टरडॅममध्ये हेझल आणि ऑगस्टस ॲन फ्रँक लपून राहिली त्या घरात जातात. प्राणवायूची टाकी सांभाळीत हेझल ते उभे जिने चढते, वर पोचते, आणि तेथे दोघे पहिल्यांदा चुंबन घेतात. भोवतालचे पर्यटक टाळ्या वाजवतात. या टाळ्यांवर पुष्कळांनी आक्षेप घेतला आहे. माझाही आहे, पण थोडा निराळा. त्या घरातली मुलगीही पंधरा वर्षांची होऊन मेली. बर्गन-बेल्सनच्या छावणीत १९४५च्या सुरुवातीला, बहुधा टायफसने. म्हणजे तीही आजारानेच गेली. पण तो ताप ताऱ्यांनी पाठवलेला नव्हता. माणसांनी माणसांना कोंडले, उपाशी ठेवले, उवांच्या तोंडी दिले, म्हणून तो आला. ज्या जिन्यावर हा विचार सुचायला हवा होता तेथे कादंबरी टाळ्या ऐकते.

निदान एका क्षणी तिला काहीतरी दिसते, हेही सांगितले पाहिजे. मारल्या गेलेल्या डच ज्यूंच्या नावांच्या यादीत हेझलला ॲन फ्रँकच्या खाली ॲरन फ्रँक नावाची चार माणसे आढळतात. त्यांचे संग्रहालय नाही, त्यांना कुणी ओळखत नाही. त्यांची आठवण ठेवायची असे ती मनाशी ठरवते. माझ्या प्रतीत या जागी २०१३ सालची एकही खूण नाही. त्याऐवजी अनंताच्या परिच्छेदाखाली लाल शाईच्या दोन रेघा आहेत. शून्य आणि एक यांच्यात अनंत संख्या असतात आणि शून्य ते दोन यांच्यात त्याहून मोठे अनंत असते, म्हणून आपल्या वाट्याला आलेले छोटे अनंतही पुरे, असे काहीसे हेझल ऑगस्टसला म्हणते. या वेळी मी आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, साफ चूक, दोन्ही सारखेच. मला ते ऐकून बरे वाटले. थोडे मिळाले त्यात समाधान माना, हा उपदेश गणितातून तरी येत नाही.

आता एक गोष्ट अशी, जी २०१३ साली मला माहीत असणे शक्यच नव्हते आणि जिच्यामुळे या लेखकाकडे मला पुन्हा पाहावे लागले. २०१९ साली ग्रीन सिएरा लिओनमधील एका रुग्णालयात गेले. तेथे त्यांना हेन्री नावाचा मुलगा भेटला. तो नऊएक वर्षांचा दिसत होता, प्रत्यक्षात सतरा वर्षांचा होता. औषधांना दाद न देणारा क्षय आणि लहानपणापासूनची उपासमार यांनी त्याची वाढ खुंटवली होती. म्हणजे ऑगस्टसच्याच वयाचा. या भेटीतून पुढे २०२५ च्या मार्चमध्ये ‘एव्हरीथिंग इज ट्युबरक्युलोसिस’ हे पुस्तक निघाले, आणि त्यात प्रश्न ताऱ्यांचा राहिलेला नाही. बऱ्या होणाऱ्या रोगाने २०२३ या एका वर्षात जगात साडेबारा लाख माणसे का मेली, औषध कुणाला मिळते, किंमत कोण ठरवते, असे रोखठोक प्रश्न आहेत. योगायोग पाहा. कल्पित फॅलँक्सिफॉर छापले गेले त्याच २०१२ सालच्या डिसेंबरात क्षयावरच्या बेडाक्विलिन या खऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. चाळीसहून अधिक वर्षांनी क्षयावर असे नवे औषध येत होते. त्याला किंमत होती आणि दुकानदारही होता.

आणि ही कथा आपल्या दारापर्यंत येते. त्या औषधावरील मक्तेदारी आणखी काही वर्षे लांबवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्याविरुद्ध हरकत घेतली होती मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी. दोघी क्षयातून उठलेल्या आणि दोघींचे कान क्षयाच्या औषधांनी गेलेले. नंदितांविषयी वाचताना मला ताईची शिट्टी ऐकू आली. तिचे खरे होते तर. त्याच वर्षी ग्रीन यांनी आपल्या लाखो तरुण वाचकांना या कंपनीविरुद्ध आणि क्षयतपासणीची यंत्रे विकणाऱ्या कंपनीविरुद्ध बोलते केले. तपासणीच्या एका कार्ट्रिजची किंमत सुमारे १० डॉलरवरून सुमारे ८ डॉलरवर आली. त्यात इतर अनेक संघटनांचे वर्षांचे काम होते, श्रेय एकट्या लेखकाचे नव्हे. पण ज्याने औषधाला किंमत न लावता कादंबरी लिहिली तोच लेखक पुढे दोन डॉलरसाठी भांडला. आपल्याकडे किती ललित लेखकांनी आपल्या जुन्या पुस्तकाला असे उत्तर दिले आहे? कादंबरीतली रिकामी जागा त्यामुळे भरत नाही. ती छापली गेली तशीच राहणार, आणि मुले तीच वाचणार.

पुनर्वाचनात आणखी एक माणूस मला भेटले, हेझलची आई. मला आता चार वर्षांची मुलगी आहे, कदाचित म्हणून असेल. हेझल अतिदक्षता विभागात असताना, आता मी आई राहणार नाही, असे काहीसे म्हणत आई रडते आणि ते हेझलच्या कानावर पडते. ते वाक्य ती वर्षानुवर्षे बाळगते. शेवटाकडे कळते की आई गुपचूप समाजकार्याचा अभ्यास करीत होती. आपल्यानंतर आईला काहीतरी आहे, या शोधाने मुलगी आनंदून जाते. फार सुंदर लिहिले आहे हे. त्याचवेळी हेझलची ती दुसरी कल्पना, की आपण एक हातबॉम्ब आहोत, फुटल्यावर जवळच्यांना इजा होणार, तेव्हा जवळ कमीत कमी माणसे ठेवावीत, ती मला या वेळी खात्यापित्या घरातल्या मुलीचा लाडावलेला विचार वाटली. आमच्या घरात एवढा विचार करायला फुरसत कुणाला होती?

विद्यार्थिनीला मी सांगितले, की पैसे कोण भरते ते कादंबरीत नाही. ते का नाही, त्यावर प्रकल्प लिही. ती लिहिते आहे. वडिलांच्या डायलिसिसचे कागद तिने एका फाइलीत लावले आहेत. कुठल्या योजनेतून काय मिळते, गाडीभाडे किती, आईचे किती रोज बुडतात, याचा एक तक्ता केला आहे. इंग्रजीच्या प्रकल्पात हे बसत नाही, असे विभागात मला ऐकवले गेले. तो तक्ता परिशिष्टात तरी राहील यासाठी माझा प्रयत्न चालू आहे.

हा लेख लिहिताना गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. आईला प्रथमच त्या जर्मलच्या ताटाविषयी विचारले. तू ते वेगळे का ठेवलेस, असे जरा कठोरपणेच विचारले. ती ज्वारी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “म्या कशाला ठिऊ? तिनंच काढलं व्हतं. तू बारावीला व्हतास. म्हनली, त्येला लागलं तर आपल्या घरात शिकंल कोन?”

हातबॉम्बाविषयी वर मी जे वाक्य लिहिले आहे ते खोडणार होतो. तसेच ठेवले आहे.